चाळिशीनंतर सायकल: आधी पायडलं काढा

प्रश्न : माझं वय ४६. लहानपणी सायकल शिकायची राहून गेली. मुलीची सायकल घरात पडून आहे म्हणून दोनदा प्रयत्न केला. नवरा कॅरिअर धरून मागे पळाला, त्याने हात सोडला की मी धाडकन आपटले. सोसायटीतली पोरं बघत होती. आता हिंमतच होत नाही. या वयात जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल. घोळ कॅरिअर धरण्यात आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. मागून कोणी धरलं असेल तर ती कलतच नाही, मग हे हाताला कळणार कधी? धरणारा सुटला की माणूस घाबरून हँडल उलट बाजूला ओढतो आणि पडतो.

म्हणून दोन्ही पायडलं काढून टाका. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना चालतो. उजवं पायडल घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते काट्यांच्या दिशेने फिरवायचं. हे ठाऊक नसल्याने जोर लावून आटे घालवणारे पुष्कळ. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. हवा टणक भरा, ब्रेक तपासा. ओढणी नको, सलवार असेल तर उजवा पाय रबरबँडने आवळा, चेन त्याच बाजूला असते.

जागा डांबरी किंवा सिमेंटची, अगदी हलक्या उताराची हवी. लागू नये म्हणून लोक हिरवळीवर जातात, पण गवतात चाक अडतं, वेग येत नाही आणि वेगाशिवाय तोल नाही.

आधी सीटवर बसून नुसतं चाला. मग लांब ढांगा टाका. मग दोन्ही पायांनी एकदम रेटा द्या आणि पाय जमिनीपासून चार बोटं वर उचला. नजर लांब, पुढच्या चाकावर नको. कललात तर पाय लगेच टेकतो. जी बाई पडतच नाही तिच्याकडे पोरं किती वेळ बघणार? तरी संकोच वाटला तर पोरं शाळेच्या गडबडीत असतात तेव्हा, सकाळीच उतरा. नवऱ्याने यावं, पण लांब बसावं. ‘घाबरू नकोस, बॅलन्स ठेव’ असं ओरडून कुणाचा तोल सावरल्याचं ऐकिवात नाही.

पाय न टेकता मनात सात-आठ अंक मोजून होऊ लागले की पायडलं लावा. आटे आधी हाताने बसवा, पाना नंतर. सीट अजून खालीच असू द्या. उजवं पायडल पुढे आणि वर ठेवून त्यावर पूर्ण वजन टाका. बहुतेकांचा पहिला दाब लेचापेचा पडतो, म्हणून सायकल डगमगते. डावं पायडल पायाने चाचपा, खाली बघून शोधू नका.

प्रश्न : सरळ जाते, पण वळताना पाय टेकावा लागतो. रस्त्यावर लोक हसतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. आतल्या बाजूचं पायडल वर हवं, नाहीतर जमिनीला घासतं. जायचं तिकडे मान वळवा. मोकळ्या जागेत मोठं वर्तुळ घ्या, रोज थोडं लहान करा. जी बाजू अवघड जाते तिच्या फेऱ्या दुप्पट. एक हात सोडून वळणाची खूण करता येत नाही तोवर रस्त्यावर जाऊच नका. तिथे हसणाऱ्यांपेक्षा मागून येणाऱ्या रिक्षाची काळजी जास्त.