तुमचे प्रश्न : पाळणाघराची फी, तासाच्या हिशोबाने

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, रजा महिनाभरात संपेल. घराजवळचं पाळणाघर महिना 6,500 रुपये सांगतं. ते सहाला बंद होतं, पुढे दर अर्ध्या तासाला 100 रुपये. मी पावणेसातला पोचते. डबा आपला, प्रवेश फी वर्षाला 5,000. दुसरं ऑफिसच्या वाटेवर आहे : 9,000 रुपये, साडेसातपर्यंत उघडं, वर्षाला 6,000. दिवसभराची बाई ठेवायची तर एजन्सी 16,000 सांगते. माझा पगार हातात 38,000 येतो. घरचे म्हणतात, मग नोकरी कशाला? — वाचक, पुणे

उत्तर : महिन्याची फी बाजूला ठेवा आणि वर्षाचा आकडा काढा. पहिल्या ठिकाणी फीचे 78,000 आणि प्रवेशाचे 5,000. पाऊण तासाचा उशीर म्हणजे रोज 200 रुपये. महिन्याला वीस दिवस धरले तर 4,000, वर्षाला 48,000. एकूण 1,31,000, म्हणजे महिना जवळजवळ 10,900. दुसऱ्या ठिकाणी 1,08,000 आणि 6,000 मिळून 1,14,000, महिना 9,500. स्वस्त वाटलेलं महाग निघालं, कारण त्यांची वेळ तुमच्या वेळेशी जुळत नाही. फीआधी बंद होण्याची वेळ विचारायची ती यासाठीच.

बाईच्या 16,000 वर दिवाळीचा एक पगार, एजन्सीचं कमिशन (बहुधा एक पगाराइतकं) आणि चहा-जेवणाचे महिना दीड हजार धरा. वर्षाला 2,42,000 होतात, महिना वीस हजारांच्या वर. शिवाय ती गावी गेली की त्या आठवड्यात दोघांपैकी एकाची रजा. दोन मुलं असतील किंवा तुमची पाळी रात्रीची असेल तरच हा पर्याय परवडतो.

आणि फी फक्त तुमच्याच पगारातून का वजा होते? बाळ दोघांचं आहे. दोघांच्या एकत्र मिळकतीतून 9,500 वजा करून बघा, घरातला वाद निम्मा होईल. तान्हेपणाचा महाग काळ दोन-अडीच वर्षांचा असतो. नोकरीतला खंड भरून यायला बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ लागतो.

जागा बघायला सकाळी जाऊ नका, सकाळी सगळीच घरं आवरलेली असतात. दुपारी चारच्या सुमारास, मुलं झोपेतून उठतात तेव्हा न सांगता जा. किती मुलं रडताहेत, किती हात रिकामे आहेत, टीव्ही चालू आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. दीड वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस नसेल तर 9,000 सुद्धा जास्तच. रुजू होण्याच्या तीन आठवडे आधी सवय लावायला घ्या : पहिले तीन दिवस तासभर, तुम्ही तिथेच, मग दोन तास, तुम्ही बाहेर, मग एक झोप आणि एक जेवण तिथे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात बाळाचं रडणं आणि तुमचं रुजू होणं एकदम येतं. पहिल्या सहा महिन्यांत सर्दी-ताप वारंवार होतो. त्या दिवसांचीही फी भरावीच लागते, म्हणून रजेचे आठ-दहा दिवस शिल्लक ठेवा.

प्रश्न : घरातच पाळणाघर चालवते. नऊ मुलं : तीन दीड वर्षांच्या आतली, चार दीड ते तीन वर्षांची, दोन शाळेतून साडेबाराला येणारी. सरसकट 4,500 घेते. मदतनीस बाई सहा तास येते, 9,000 देते. आठ ते साडेसात राबून हातात काही राहत नाही. 500 वाढवते म्हटलं तर दोन पालक काढून नेऊ म्हणाले. — वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी वही काढा. जमा 40,500. मदतनीस 9,000, तिच्या बोनसचा महिन्याचा वाटा 750. खाऊ आणि फळं मुलामागे सरासरी 35 रुपये, पंचवीस दिवसांचे 7,875. गॅस आणि वाढीव वीज 2,200, साबण-फिनेल-धुणं 1,200, चटया-चादरी-खेळणी 800, औषधपेटी आणि किरकोळ दुरुस्ती 500. मे महिन्यात चार मुलं गावी जातात आणि तुम्ही फी घेत नाही. ते 18,000 बारा महिन्यांवर पसरले की 1,500. खर्च झाला 23,825, उरले 16,675. पण तुमचा हॉल सकाळपासून अडकलेला असतो, त्याचं भाडं कोणी धरत नाही. निदान 6,000 धरा. उरले 10,675. साडेअकरा तास गुणिले पंचवीस दिवस म्हणजे 287.5 तास. तासाला 37 रुपये. तुमच्या मदतनीस बाईंना तासाला 60 पडतात.

चूक सरसकट फीत आहे. तान्ह्या बाळाला भरवणं, झोपवणं, शी-शू, खांद्यावर घेऊन फिरणं. शाळेतून आलेल्या मुलाला जेवायला वाढलं की ते आपलं आपण बसतं. तान्ह्याचा दीड वाटा, दीड ते तीनचा एक, शाळेतल्याचा 0.6 असं धरा. तुमच्याकडे 4.5 + 4 + 1.2 = 9.7 वाटे होतात. 23,825 खर्च, 6,000 जागा आणि तुमच्या श्रमाचे तासाला 75 प्रमाणे 21,562, एकूण 51,387. भागिले 9.7 म्हणजे एका वाट्याला साधारण 5,300. तान्ह्याला 8,000, मधल्याला 5,300, शाळेतल्याला 3,200. काढून नेऊ म्हणणारे दोन पालक शाळेतल्या मुलांचे असतील तर त्यांचं बरोबरच होतं. आजवर ते दुसऱ्याच्या बाळाची फी भरत होते.

नवीन दर नव्या प्रवेशांना लगेच लावा. जुन्या तान्ह्यांच्या पालकांना एकदम 3,500 ची वाढ सांगाल तर खरंच जातील. जूनमध्ये निम्मी, जानेवारीत निम्मी, दोन्ही आजच कागदावर. बाळ दीड वर्षाचं झालं की दर आपोआप उतरतो, हेही त्यातच लिहा. त्यामुळे वाढ पचते.

अनामत एक महिन्याची घ्या आणि सोडताना एक महिन्याची पूर्वसूचना मागा. मधलं एक मूल गेलं तर जमा 5,300 ने घटते, खर्च मात्र खाऊच्या 875 नेच. बाकीचे 4,425 तुमच्या खिशातून जातात. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. महिनाअखेरीला घेणाऱ्यांचीच थकबाकी राहते, आणि मूल रोज ‘काकू’ म्हणत बिलगतं म्हणून ती मागायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : मे महिनाभर मूल आजोळी असतं. पाळणाघर तरी निम्मी फी मागतं. हे योग्य आहे का? — वाचक, नाशिक

उत्तर : योग्य. ती सांभाळण्याची नाही, जागा राखून ठेवण्याची फी. खाऊ वाचतो, मदतनिसाचा पगार आणि भाडं चालूच राहतं. उलटही तितकंच खरं : पाळणाघर स्वतः बंद राहिलं तर वर्षाला ठरलेल्या सुट्ट्यांपलीकडच्या दिवसांची फी वजा व्हायला हवी. दोन्ही गोष्टी प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या कंपनीत 62 जण आहोत, बायका फक्त नऊ. एचआर म्हणतं, इतक्या थोड्या बायकांसाठी पाळणाघराचा नियम लागू नाही. — वाचक, ठाणे

उत्तर : घोळ जुन्या नियमाचा आहे. कारखाना कायद्यात 1948 मध्ये 50 हून अधिक आणि 1976 च्या दुरुस्तीपासून 30 हून अधिक स्त्री कामगार ही अट होती. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने मोजणी बदलली : 50 किंवा अधिक कर्मचारी, त्यात पुरुषही आले. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. पाळणाघर कंपनीच्या आतच हवं असं नाही, ठरलेल्या अंतरात आणि इतरांशी मिळून चालतं. फी कोणी भरायची हे 2017 च्या कलमात लिहिलेलं नाही, आणि रस्सीखेच तिथेच होते. तक्रारीने सुरुवात करण्यापेक्षा त्याच इमारतीतल्या दोन-तीन कंपन्यांनी मिळून जवळच्या पाळणाघराशी करार करावा आणि फीचा ठरावीक वाटा उचलावा, असा लेखी प्रस्ताव ईमेलने द्या. उत्तरही लेखीच मागा.

प्रश्न : पाळणाघराच्या फीवर आयकरात सूट मिळते का? — वाचक, पनवेल

उत्तर : निव्वळ सांभाळण्याच्या फीवर नाही. जुन्या करप्रणालीत, 80सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दीड लाखाच्या मर्यादेत, दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी चालते. त्यात प्लेग्रुप आणि नर्सरीही येतात. एकाच संस्थेत दोन्ही असेल तर दोन वेगळ्या पावत्या मागा. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

प्रश्न : आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंचं मूल दोन वर्षांचं आहे. त्यांना खाजगी पाळणाघर झेपत नाही. — वाचक, नागपूर

उत्तर : साधी अंगणवाडी पुरणार नाही, ती दिवसातले थोडेच तास चालते. 2022 पासून केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ योजना आहे. तीत काही अंगणवाड्यांना जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालतं. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला नेमकं ‘अंगणवाडी-सह-पाळणाघर कुठे आहे’ असंच विचारा. नुसतं ‘अंगणवाडी’ म्हटलं की ती आपलीच दाखवते. तिला माहीत नसेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात. जाताना मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि आईचं आधार बरोबर असू द्या, आणि केंद्र किती वाजता बंद होतं ते तिथेच विचारून घ्या. ताईंचं शेवटचं काम त्यानंतर संपत असेल तर त्यांच्या कामाची वेळ अर्धा तास अलीकडे घेणं तुमच्या हातात आहे.