तुम्ही विचारलंत: १४ माणसांचं सूप

प्रश्न: ताई, आम्ही कुडाळजवळच्या गावात राहतो, गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की घरात १४ माणसं होतात. रात्री मुलं सूप मागतात, पण गाजर-फ्लॉवर-मटार आणून केलं तर खर्च खूप होतो आणि एवढं करून पाण्यासारखंच लागतं, तासाभरात परत सगळे भुकेले. कॉर्नफ्लोर घातलं की गिळगिळीत होतं. त्या दिवसांत कांदा-लसूणही चालत नाही. काय करू?

उत्तर: अहो, गाजर-फ्लॉवरच्या मागे लागूच नका. ते घाटावरून येतं, पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की भाव वाढणारच, आणि तेव्हा तर तुमच्या परड्यात माटवावर दुधी, पडवळ, शिराळी लटकलेली असतात, लाल भोपळा असतो, तेच घ्या. पोट भरतं ते डाळ आणि तांदळाने, भाजी चवीला आणि रंगाला. डाळ-तांदूळ एकत्र आले की त्यांची प्रोटीनं एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांनाही ते चांगलंच.

१४ जणांना २ वाट्या मूगडाळ (मसूर स्वस्त आहे, पण बरेच जण या दिवसांत खात नाहीत म्हणून मूग), १ वाटी उकडा तांदूळ, १ किलो लाल भोपळा आणि एक मध्यम दुधी पुरतो. डाळ, भोपळा आणि थोडी हळद कुकरला लावा पण कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळ फेसाळते आणि शिट्टीतून सगळं बाहेर येतं, लहान कुकर असेल तर दोनदा लावा पण कोंबू नका. तांदूळ वेगळा, पेजेसारखा भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवा, उकड्याला वेळ लागतो म्हणून आधी तोच ठेवा. मग मोठ्या टोपात दोन्ही एकत्र करून रवीने घोटा, गणपतीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही त्यामुळे मिक्सरवर अवलंबून राहू नका. दाटपणा इथेच येतो, कॉर्नफ्लोरची गरजच पडत नाही. आता गरम पाणी घालून पातळ करा, सगळं मिळून साधारण ४ लिटर व्हायला हवं, दुधीच्या बारीक फोडी टाका, त्या शिजल्या की मीठ.

आंबटपणासाठी टोमॅटो विकत आणू नका, घरची आमसुलं आहेत ना, ५-६ पुरे. पण ती शेवटी घाला. आंबट आधी पडलं की डाळ शिजता शिजत नाही, मग गॅस जाळत बसावं लागतं. वरून तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता आणि जाडसर कुटलेली मिरी. कांदा-लसणीची आठवणही कोणी काढणार नाही, मिरी मात्र कंजूषपणा न करता घाला. कोथिंबिरीच्या काड्या फेकू नका, बारीक चिरून उकळतानाच टाका, खरा वास काड्यांनाच असतो.

अळू घालायचा मोह झाला तर ते आमसूल घालून वेगळं पूर्ण शिजवूनच यात मिसळा, कच्चट राहिलं तर मुलांच्या घशाला खाज सुटेल.

प्रश्न: आणि उरलं तर? फ्रीजमध्ये एवढा टोप मावत नाही.

उत्तर: नारळाचं दूध घालायचंच असेल तर वाढताना वाटीत घाला, टोपात नको, ते लवकर आंबतं. उरलेलं सूप पसरट भांड्यात काढून निववा, छोट्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी त्यातच मावेल तेवढं तांदळाचं पीठ, हिरवी मिरची घालून थालीपिठं थापा. पीठ सैल वाटलं तर मूठभर बेसन घाला, पाणी अजिबात लागत नाही.