दिवंगत सहकाऱ्यांचे स्मरण: नव्या कार्यवाहांना दोन शब्द

हौशी नाट्यसंस्थेतील स्मरणाचा कार्यक्रम यंदा तुमच्याकडे आला आहे, म्हणून थोडे सांगतो. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात. त्या दिवशी नटराजपूजन होतेच, तेव्हा स्मरणही त्याला जोडूनच करावे. वेगळी शोकसभा ठेवली की भाषणे लांबतात आणि गेलेला माणूस बाजूला राहतो.

यादीत केवळ नटांची नावे घेऊ नका. एका वर्षी मी जुन्या जाहिराती समोर ठेवून यादी केली आणि वर्षानुवर्षे विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या, म्हणजे नटांना विसरलेले संवाद सुचवणाऱ्या सहकाऱ्याचेच नाव राहून गेले, कारण जाहिरातीत ते कधी छापलेच जात नसे; त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेव्हापासून हिशेबाची वही आणि तालमीची हजेरी पाहिल्याशिवाय मी यादी पक्की करत नाही. त्या सहकाऱ्याची नाट्यप्रत अजून कपाटात आहे. नायिका जिथे हटकून अडखळे, तिथे समासात शिसपेन्सिलीने ‘थांब, तिला आठवू दे’ असे लिहिलेले आहे. भाषणाऐवजी असे एखादे पान वाचून दाखवावे.

फोटो घरच्यांच्या पसंतीचा घ्यावा. रंगवलेल्या चेहऱ्याचा फोटो सर्वांनाच रुचतो असे नाही. हार, उदबत्ती तिसऱ्या घंटेपूर्वी आटोपावी, आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला फोटोंवर एक मंद स्पॉट ठेवायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.