जिना चढताना छाती भरून येते, ब्लॉकेज ८० टक्के. स्टेंट लगेच बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६४ वर्षांचे. चढावर, जिन्यावर छाती भरून येते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळं वाटतं. अँजिओग्राफीत हृदयाच्या एका रक्तनळीत ८० टक्के ब्लॉकेज निघालं. डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात प्लास्टी (फुग्याने नळी रुंद करून जाळीचा स्टेंट बसवणं) करून टाकू, आणि भाऊ म्हणतो नव्या संशोधनात स्टेंट निकामी ठरलाय. कोणाचं ऐकायचं?

मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-प्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन आहे. बाबांची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे निर्णय कार्डिओलॉजिस्टशी बोलूनच घ्या. पण भाऊ अर्धवट वाचून बोलतोय आणि डॉक्टरांची घाईही समजून घ्यायला हवी, एवढं नक्की.

ॲटॅक चालू असताना नळी उघडण्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. तिथे मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. बसल्या जागी दुखायला लागलं, किंवा दुखणं आठवड्यागणिक वाढत चाललं, तर पुढचं काहीही लागू नाही, सरळ हॉस्पिटल गाठा. मी लिहितोय ते महिनोन्महिने ठरावीक श्रमालाच दुखतं त्याबद्दल.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी पहिल्यांदा फुग्याने हृदयाची नळी रुंद केली. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तुंबलेल्या पाइपचं चित्र पक्कं बसलं. नातेवाइकांना आम्ही कन्सोलपाशी बोलावतो, स्क्रीनवर काळी नळी मध्येच दोऱ्याएवढी झालेली दिसते, आणि त्या क्षणी ‘नको’ म्हणणारा माणूस विरळाच. पण ॲटॅक बऱ्याचदा त्या दिसणाऱ्या चिंचोळ्या जागी येतच नाही. नळीच्या भिंतीत साठलेल्या चरबीवरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि चांगली वाहती नळी बघता बघता बंद पडते. अशी जागा आधी ४०-५० टक्केच अरुंद असू शकते. स्टेंट दोन-तीन सेंटिमीटरचा, आजार मात्र सगळ्या नळ्यांत पसरलेला.

म्हणूनच इस्किमिया नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल तसा लागला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. निम्म्यांना औषधं आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला: सरासरी तीन वर्षांच्या आसपास मृत्यू एका गटात १४५, दुसऱ्यात १४४. ‘फक्त औषधं’ गटातल्या साधारण पाचातल्या एकाला चार वर्षांत स्टेंट किंवा बायपास लागलाच, हेही भावाला सांगा. आणि लेफ्ट मेन म्हणजे मुख्य नळीत मोठं ब्लॉकेज असलेले किंवा हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली गेलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते.

मग स्टेंटने दुखणं तरी थांबतं का? मला सगळ्यात आवडलेला प्रयोग याच प्रश्नावरचा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या रशा अल-लामी यांनी ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्ण घेतले, सगळ्यांना एकाच नळीत ७० टक्क्यांवर ब्लॉकेज. कानाला हेडफोन लावून गाणी, वर गुंगीचं औषध, सगळ्यांना टेबलवर घेतलं. अर्ध्यांना स्टेंट बसवला, उरलेल्यांना नुसतंच झोपवून ठेवलं. कुणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नाही, वॉर्डातल्यांनाही नाही. २०१७ ला निकाल आला तेव्हा ट्रेडमिलवरचा फरक जेमतेम १६ सेकंदांचा होता. आमच्या लाइनीत बरीच खळबळ उडाली. पण ते सगळे आधीच दुखण्याची भरपूर औषधं घेत होते. त्याच टीमने २०२३ ला ती औषधं बंद करून ३०१ जणांवर पुन्हा तसंच केलं, आणि या वेळी स्टेंटवाल्यांचं दुखणं खरोखर कमी झालं. तेव्हा स्टेंट निकामी नाही. बाबांसारख्याला तो जिना सुखाने चढायला मदत करेल. आयुष्य वाढवेल असं मात्र गृहीत धरू नका.

८० टक्के हा आकडाही बऱ्याचदा नजरेचा अंदाज असतो. शंका असेल तर एफएफआर करतात. दाब मोजणारी बारीक वायर ब्लॉकेजच्या पलीकडे नेतात, औषध देऊन रक्तप्रवाह वाढवतात आणि अलीकडचा-पलीकडचा दाब ताडून बघतात. त्या औषधाने मिनिटभर छातीवर दडपण येतं, पेशंट घाबरतो, मग उतरतं. आकडा ०.८० किंवा खाली आला तर अडथळा खरा धरतात. २००९ च्या फेम चाचणीत हे मोजून काम केलं तेव्हा स्टेंट कमी लागले आणि वर्षभरातला त्रासही कमी झाला. वायर महाग असल्याने सगळीकडे करत नाहीत.

खरी मजल औषधांनी मारली आहे. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ५५ च्या खाली आणा असं युरोपातले तज्ज्ञ सांगतात. ते उतरवणारी नेहमीची स्टॅटिनची गोळी पुरली नाही तर जोडीला इझेटिमाइबची गोळी, आणि आता सुरुवातीच्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इन्क्लिसिरान इंजेक्शनही आहे. कोल्चिसिन हे गाऊटचं (सांधे सुजून दुखण्याच्या आजाराचं) जुनं औषध नळ्यांतली सूज कमी करायला वापरून बघतायत. स्थिर रुग्णांत २०२० साली फायदा दिसला, ॲटॅकनंतर लगेच दिलेल्यांत २०२४ ला दिसला नाही. हेच द्रव्य आपल्या कळलावी या वनस्पतीत असतं, पण तिचा कंद जिवावर बेततो, तेव्हा कुणी काढा सुचवला तर हात जोडा.

भेटीला जाल तेव्हा विचारा: ब्लॉकेज लेफ्ट मेनमध्ये आहे का? एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या नळीत, आहे तर अगदी सुरुवातीला का? पंपिंग किती? एफएफआर केली का? औषधं पूर्ण डोसने महिना-दोन महिने देऊन बघता येतील का? डॉक्टरांनी यांतल्या एखाद्या कारणासाठी घाई केली असेल तर ते लगेच सांगतील. नाहीतर अँजिओची सीडी मागून घ्या, आणि दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला रिपोर्टचा कागद न दाखवता तीच दाखवा.