गॅरेजचा कट्टा : आजोबांच्या सायकलला ४९ सीसीचं इंजिन

प्रश्न : सर, मी सेलू तालुक्यातला. बारावीला आहे, सतरावं चालू आहे. कॉलेज घरापासून आठ किलोमीटर. मामानं पुण्याहून पोरासाठी आणलेली छोटी डर्ट बाईक मोडली. चौकट गेली, पण ४९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन दोरी ओढली की लगेच चालू होतं. इंजिनाला सहा दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आहे, मागच्या चाकाचं ४४ दातांचं निघालं. घरी आजोबांची काळी सायकल आहे, २८ इंची, रॉडच्या ब्रेकची. वेल्डिंगवाला म्हणतो, दोन तासांत बसवून देतो. इंजिन कुठं बसवू, चेन कोणती लावू, किती पळेल? पोलिस धरतील का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : लेकरा, दात मोजून लिहिलेस म्हणून आधी शाबासकी घे. या सदराला येणाऱ्या पत्रांत लोक इंजिनाचा रंगसुद्धा लिहितात, पण दात कुणी मोजत नाही. तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या दोन आकड्यांतच आहेत. तेव्हा वेल्डिंगवाल्याला थांबव आणि वही घे.

४४ भागिले ६ म्हणजे सव्वासातपेक्षा थोडं जास्त. इंजिन तेवढे फेरे मारतं तेव्हा चाक एकदा फिरतं. हे इंजिन जोरात चालतं तेव्हा मिनिटाला सात हजार फेरे धर. चाकाचे झाले साधारण साडेनऊशे. २८ इंची चाक एका फेऱ्यात २.२ मीटर पुढं जातं. गुणाकार केलास तर ताशी सव्वाशे किलोमीटर निघतात. कागदावर बरं वाटतं, पण दोन-अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन तुला घेऊन सव्वाशेनं कधीच जाणार नाही. होणार वेगळंच. या इंजिनाला सेंट्रिफ्युगल क्लच असतो. फेरे वाढले की त्याचे गुटके बाहेर फेकले जातात आणि ड्रमला धरतात. साधारण तीन हजारांवर तो पकडतो असं धर. तुझ्या जोडणीत तीन हजार फेऱ्यांना वेग होतो ताशी ५४. म्हणजे ५४ च्या खाली क्लच सतत घासत राहणार. कॉलेजच्या गेटपर्यंत पोचायच्या आत गुटके जळाल्याचा वास येईल. मामाच्या गाडीला हे होत नव्हतं, कारण तिचं चाक लहान होतं, एका फेऱ्यात जेमतेम मीटरभर जाणारं. चाक दुपटीनं मोठं केलंस की गिअरही दुपटीनं जड झाला. वेल्डिंगवाल्यानं दोन तास सांगितले त्यात हा हिशेब धरलेला नाही.

तुला हवंय सात हजार फेऱ्यांना ताशी तीसच्या आसपास. त्यासाठी इंजिनाचे तीस फेरे आणि चाकाचा एक, असं प्रमाण लागतं. एका चेनमध्ये ते बसत नाही. सहा दातांपुढं १८० दातांचं स्प्रॉकेट लावलंस तर ते चाकाच्या निम्म्याहून मोठं होईल. म्हणून मधे एक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा टाकायचा, दोन बेअरिंगवर फिरणारा. इंजिनाच्या सहा दातांवरून बारीक चेन या शाफ्टवरच्या ४४ दातांवर आण. तुझंच निघालेलं स्प्रॉकेट इथं कामी येतं. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दहा दातांचं बसव आणि तिथून मागच्या चाकावर चाळीस दातांचं. सव्वासात गुणिले चार, एकोणतीसच्या पुढं. क्लच आता ताशी तेराच्या आसपास पूर्ण पकडेल. तेवढा वेग पायडल मारून येतोच. आधी पाय चालव, मग गॅस दे. क्लच वर्षानुवर्षं टिकेल.

चेनचा प्रश्नही याच शाफ्टनं सुटतो. छोट्या डर्ट बाईकची चेन बहुधा पाव इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या लागोपाठच्या दोन खिळ्यांमधलं अंतर) असते, कधी आठ मिलीमीटरची. सायकलची अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर. एकीची दुसरीच्या दातांवर बसतच नाही. शाफ्टच्या एका बाजूला बारीक चेन राहू दे, दुसऱ्या बाजूला ४१५ नंबरची लाव. तिचं पिच सायकलच्या चेनचंच, पण रुंदी आणि ताकद जास्त. आणि इंजिनाचा शाफ्ट उजवीकडे निघत असेल, तर याच मधल्या शाफ्टवरून ओढ डावीकडे नेता येते. उजवी बाजू पायडलच्या चेनला मोकळी राहिली पाहिजे.

इंजिन कुठं, याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी १८९७ च्या सुमारास सायकलच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवून विकलं. वजन वर आणि पुढं, त्यामुळं ओल्या रस्त्यावर ती घसरायची. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन खाली आणलं, पायडलच्या क्रँकजवळ, चौकटीच्या तळाशी. पुढं मोटारसायकलीचं इंजिन तिथंच राहिलं. तूही तिथंच बसव. पण आधी पुठ्ठ्याचा साचा काप, इंजिनाच्या रुंदीचा, आणि तो चौकटीत धरून पायडल मार. घोटा आणि गुडघा कुठं लागतो बघ. दोरीचं झाकण बाहेर येतं, ते बहुतेक वेळा क्रँकला अडतं.

आता ब्रेक. इथं मी तुला घाई करू देणार नाही.

मी १९८६ साली आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो. भंगारातलं मोपेडचं ५० सीसी इंजिन मी आणि माझ्या मित्रानं एका काळ्या सायकलला बसवलं. चाळीस दातांचं स्प्रॉकेट मागच्या चाकाच्या तारांना रबर घालून आवळलं. अशी जोडणी तेव्हा सगळेच करायचे. गंगाखेडला गोदावरीच्या पुलाकडे उतरताना मित्र पुढं होता, मी मागून साध्या सायकलवर. त्यानं गॅस सोडला आणि रॉडचा ब्रेक ओढला. ओढ उलटी बसली, एका बाजूच्या सात-आठ तारा एकदम तुटल्या, चेन चाकात गुंतली. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो खांदा अजूनही पावसाळ्यात दुखतो. तारा मी आवळल्या होत्या. ती चूक माझी होती.

सायकल तुझ्या पायांच्या ताकदीसाठी बनलेली असते. रोजचा सायकलवाला साधारण शंभर वॅट देतो. दोन हॉर्सपॉवर म्हणजे जवळजवळ पंधराशे. ती पंधरापट ताकद त्याच तारांतून, त्याच पातळ एक्सलवरून जाते. थांबवण्याचा हिशेब आणखी कडक. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट काम पडतं, तिप्पट झाला की नऊपट. रॉडच्या ब्रेकचे रबरी गुटके क्रोमच्या रिमवर पावसात धरत नाहीत, हे तुला आजोबाच सांगतील.

कायनेटिकनं १९७२ मध्ये लुना आणली, ५० सीसीची, पायडल असलेली. लोक तिला इंजिनाची सायकल म्हणत. पण तिचा हब (चाकाचा मधला भाग), टायर, चिमटा, ड्रमचे ब्रेक सगळं इंजिनाच्या मापानं केलेलं होतं. पायडल एवढंच सायकलचं.

म्हणून माझं ऐक. आजोबांच्या सायकलला हात लावू नकोस. तिच्या नळ्या लगमध्ये (नळ्यांची टोकं बसतात त्या लोखंडी खोबणीत) पितळानं जोडलेल्या असतात, तिथं आर्क वेल्डिंग लावलं की जोड बिघडतो. नळीही पातळ. पुन्हा ती तशी कुणी करून देणार नाही. परभणीत किंवा जालन्यात भंगारात २६ इंची लोखंडी चौकटीची माउंटन सायकल शोध, दोन्ही हबना डिस्क बसवायची सोय असलेली. चुंबक लावून बघ. ॲल्युमिनियमची असेल तर सोडून दे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या धातूचं पाणी उतरतं आणि जोडाशेजारीच तो पुढं चिरतो.

या सायकलीत तुझी अर्धी कामं आपोआप होतात. पुढं केबलचा डिस्क ब्रेक ठेव. मागच्या हबवर डिस्कसाठी जे सहा बोल्ट असतात, त्यांच्यावर लेथवर फिरवलेली लोखंडी चकती बसव आणि तिच्यावर चाळीस दातांचं स्प्रॉकेट. ओढ सरळ हबला जाते, तारांना स्प्रॉकेट बांधायची गरजच नाही. मागचा ब्रेक मग रिमवरचा, म्हणजे व्ही-ब्रेक. चाकाचा आऊट (डगमग) काढून घे, तारा सगळ्या सारख्या ताणलेल्या हव्यात. चाक थोडं लहान झालं, म्हणून वेग तीसच्या किंचित आत येईल. तेवढा पुरे.

इंजिनाचा पाया पाच मिलीमीटरच्या पट्टीचा कर आणि यू-बोल्टनं नळीला आवळ. नायलॉनवाले नट वापर. काही जण मधे ट्यूबचं रबर घालतात. ते दबत राहतं, इंजिन हलतं, चेनची रेष बिघडते. गॅसची मूठ सोडली की स्प्रिंगनं स्वतः परत आली पाहिजे, आणि अंगठ्याजवळ इंजिन बंद करायचं बटण हवंच. दोन्ही चेनना पत्र्याचं झाकण कर. पायजमा, ओढणी, लहान भावाची बोटं, सगळं त्या सहा दातांत जातं. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लिटरला ४० मिली घाल. त्यात हयगय केलीस तर पिस्टन जाम होतो, आणि इंजिन जागेवरच बंद पडतं.

पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून, उतारावरून नुसते ब्रेक तपास. ताशी वीसवरून किती पावलांत थांबते ते मोज, कोरड्यात आणि पाणी टाकून. ते समाधानाचं झालं तरच पेट्रोल भर.

पोलिसांचं विचारलंस ते बरं केलंस. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला मोटार वाहन धरलेलं नाही. तुझं ४९ सीसीचं. ते मोटार वाहनच झालं, त्याला नोंदणी, विमा, लायसन सगळं लागतं. घरी बनवलेल्या अशा सायकलीला ते मिळणार नाही. तू अठराच्या आत आहेस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराकडून असा गुन्हा झाला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागद तुझ्या बापाच्या नावानं निघेल. म्हणून ही सायकल कॉलेजच्या रस्त्यावर न्यायची नाही. उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यानं जातात तिथं तर नाहीच. तुमच्या शेतात, खळ्यावर, बांधाच्या वाटेवर चालव. आणि आठ किलोमीटरसाठी आजोबांच्या सायकलला तेल-पाणी करून घे, नवे गुटके लाव. सपाट रस्त्यावर पाऊण तासाच्या आत पोचशील.

शाफ्ट बसवलास की त्याच्या दोन बेअरिंगमधलं अंतर मला कळव. ते जास्त ठेवलंस तर शाफ्ट वाकेल, आणि पत्रातून मला तेवढंच दिसत नाही.

प्रश्न : फवारणी पंपाचं टू-स्ट्रोक इंजिन सायकलला लावलं तर नोंदणी लागत नाही असं ऐकलं. खरं का? मुलगा मागं लागलाय.
– एक शेतकरी, औसा, जि. लातूर

उत्तर : भाऊ, वर सांगितलेली २५ सीसीची मर्यादा खरी आहे, पण आधी पंपावरचा शिक्का वाचा. काही पंप २६ सीसीचे येतात आणि ते मर्यादेबाहेर जातात. बसवायचंच तर फेऱ्यांचा हिशेब आणि ब्रेकची अट त्यालाही तीच. इंजिनाचा पंखा आणि त्याचं झाकण काढू देऊ नका, गार राहण्याचं तेवढंच साधन आहे. पण सोयाबीनवर अळी पडायच्या दिवसांत पंप घरात हवा, आणि सायकलीवरून उतरवलेलं इंजिन परत पंपाला नीट बसेलच याची मी खात्री देणार नाही. मुलाला भंगारातलं दुसरं इंजिन बघू द्या.