बाटलीतले बुडबुडे आणि सलाईनमधलं पोटॅशियम

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

नॉर्मल व्हॅल्यू तोंडपाठ आहेत, तरी नर्सिंगच्या परीक्षेत मेडिकल-सर्जिकलचे प्रश्न चुकतात, असं तू लिहिलंस. चुकणारच. पेपरात व्हॅल्यू क्वचित विचारतात. विचारतात ते 'आधी काय करशील?'

छातीत साठलेली हवा किंवा द्रव बाटलीत काढणारी नळी, म्हणजे आयसीडी घे. वॉटर सीलमध्ये, म्हणजे बाटलीतल्या पाण्याच्या झडपेत, नळीचं टोक 2 सेंमी पाण्याखाली असतं. हवा बाहेर पडते, परत आत जात नाही. पेशंट स्वतः श्वास घेतो तेव्हा नळीतलं पाणी वर चढतं, सोडतो तेव्हा उतरतं. व्हेंटिलेटरवर नेमकं उलटं. न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठली असताना, खोकल्यावर अधूनमधून बुडबुडे आले तर ठीक, हवा अजून निघतेय. सतत येत राहिले तर कुठेतरी गळती आहे. छातीपासून बाटलीपर्यंत एकेक जोड बघत ये. पण थांब, बुडबुडे कुठल्या कप्प्यात, ते आधी वाच. पाण्याच्या सक्शन (हवा ओढणाऱ्या) कप्प्यात सतत हलके बुडबुडे यायलाच हवेत. निम्मी मुलं इथेच घसरतात.

पाण्याची वरखाली थांबली, तर फुफ्फुस पूर्ण फुगलं असेल किंवा नळी बंद झाली असेल. लगेच खूश होऊ नकोस. पेशंट नळीवरच झोपलाय का, नळी दुमडलीय का, गुठळी अडकलीय का, हे बघ आणि मग स्टेथोस्कोप लाव.

'नळी क्लॅम्प करा', म्हणजे चिमट्याने बंद करा, हा पर्याय सगळ्यांना भुरळ घालतो. हवेची वाट बंद झाली की ती छातीत साठते, फुफ्फुस आणि हृदय दाबते, म्हणजे टेन्शन न्यूमोथोरॅक्स होतो. नळी बाटलीपासून निसटली, तर टोक स्टराइल पाण्यात 2 सेंमी बुडव. छातीतूनच निघाली, तर स्टराइल ड्रेसिंग तीन बाजूंनी चिकटव, चौथी मोकळी ठेव आणि डॉक्टरांना बोलाव.

पोटॅशियमचं थोडक्यात. रक्तात नॉर्मल 3.5 ते 5 एमईक्यू (क्षार मोजायचं एकक) प्रति लिटर. आयव्ही पुश, म्हणजे सिरिंजने थेट शिरेत, कधीच नाही, पर्याय कितीही गोड शब्दांत लिहिलेला असो. हृदय बंद पडतं. साध्या शिरेतून साधारण तासाला 10 एमईक्यू, तेही पातळ करून, पंपावर. लावण्याआधी लघवी बघ. तासाला 30 मिलीपेक्षा कमी असेल तर पोटॅशियम बाहेर पडणार कुठून? उलट ते फार वाढलंय आणि ईसीजीत टी वेव्ह (हृदयाच्या आलेखातली एक लाट) टोकदार झाल्यात, तर आधी कॅल्शियम ग्लुकोनेट. ते पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदय सांभाळतं. पोटॅशियम पेशीत ढकलतं ते इन्सुलिन. म्हणून सोबत ग्लुकोज, आणि नंतर शुगर तपासत राहायचं.

सराव करताना बरोबर उत्तराला टिक करून पुढे पळू नकोस. उरलेले तीन पर्याय का चुकले, तेही वहीत एकेका ओळीत लिही.

तुझी,
ताई

ता.क. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून पोटॅशियम घटवणारं औषध) एकाच पेशंटला दिसले, की पोटॅशियमचा रिपोर्ट शोध. ते घटलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. डिगॉक्सिन देण्याआधी एपिकल पल्स, म्हणजे छातीवर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके, पूर्ण 1 मिनिट मोज. मोठ्या माणसात 60 च्या खाली असेल तर डोस थांबवून कळव.