स्क्रूला हात लावायचा नाही

प्रिय मित्रा,

तुझी मेल रात्री वाचली आणि सकाळी चहा घेताना परत वाचली. लेझरनं थंड केलेल्या रुबिडियमच्या अणूंचा ढग टेबलावर छान जमतोय, गुरुत्वाचा आकडाही येतोय. आता त्याच टेबलावर अचूकता वाढवून पेपर लिहायचा, की हे सगळं उपग्रहात जाईल अशा पेटीत बसवायला घ्यायचं, यावर तू अडला आहेस. "पेटी बनवणं हे इंजिनिअरिंग, त्यात फिजिक्स कुठलं," असं कुणीतरी ऐकवलं आणि ते तुला लागलं. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही. ते आपण दोघांनी धरूनच चालू.

मला टोचलं ते तुझं दुसरंच वाक्य. "रोज सकाळी दोन तास आरसे जुळवण्यात, अलाइनमेंटमध्ये जातात, पण आता सवय झाली आहे." ही सवय मोड. हात लावल्याशिवाय चालत नाही, ते उपकरण नव्हे.

फिजिक्स कुठलं विचारणाऱ्याला हे सांग. लेझरचे तीन पल्स देतोस, त्यांच्यामधला वेळ दुप्पट केलास की गुरुत्वाचा संकेत चौपट होतो. जमिनीवर हा वेळ वाढवायचा तर अणू एका सेकंदात जवळपास 5 मीटर खाली जातात, म्हणजे मनोराच बांधायला हवा. कक्षेत अणू आणि चेंबर बरोबरच पडत असतात, त्यामुळे वीतभर चेंबरातही सेकंद सेकंद थांबता येतं. पण 1 मायक्रोकेल्व्हिनचा, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या फक्त एक दशलक्षांश अंश वर असलेला ढगसुद्धा सेकंदाला साधारण सेंटिमीटरभर पसरतो, म्हणून त्याहून कितीतरी थंड जावं लागतं. शिवाय पृथ्वीकडे तोंड ठेवून फिरणारा उपग्रह दीडेक तासात स्वतःभोवती एक गिरकी घेतो, ती गिरकी तुझ्या मोजमापात शिरते, आणि ती काढायला आरसा उलट दिशेनं अचूक वळवावा लागतो. हे फिजिक्स नाही तर काय आहे?

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय माझा हट्ट तुला कळणार नाही.

आम्ही एक ग्रॅव्हिमीटर, म्हणजे गुरुत्व मोजणारं असंच एक उपकरण, बनवला होता. लॅबमध्ये सुरेख चालायचा. दुसऱ्या जागी मोजमाप करायचं ठरलं, टेम्पोत गाद्या टाकून नेला. तिथे चालू केला तर मॉनिटरवर ढगाचा पांढरा ठिपका नाही. फायबरमधून निघणारी लेझरची पॉवर दहाव्या हिश्श्यावर आलेली. मग आरशांचे स्क्रू फिरवायची ॲलन की घेऊन बसलो. एक आरसा फिरवला की दुसरा बिघडायचा. ठिपका परत दिसायला 11 दिवस लागले. मी रस्त्याला दोष दिला, टेम्पोवाल्याला बोललो. दोष रस्त्याचा नव्हता. जो स्क्रू तुला फिरवता येतो, तो धक्क्यानंही फिरतो, आणि आमच्या बोर्डावर असे चाळीसच्या वर स्क्रू होते.

त्याच्या वर्षभर आधी माझ्या हाताखालचा एक मुलगा म्हणाला होता, "सर, आरसे काचेच्या पाट्यावर कायमचे चिकटवून टाकू." मी म्हणालो, मग पुढे ॲडजस्ट कसं करणार? तो म्हणाला, "करायचंच नाही." मी त्याला उडवून लावलं. पुढे तो दुसरीकडे गेला. नंतर कळलं की रॉकेटवर जाणाऱ्या प्रयोगांसाठी जर्मन लोक नेमकं हेच करत होते: तापमानानं जवळजवळ न प्रसरणाऱ्या झेरोडूर नावाच्या काच-सिरॅमिकच्या पाट्यावर आरसे, भिंगं चिकटवून टाकलेली. त्या मुलाची मी कधी माफी मागितली नाही.

त्या जर्मनांचा प्रवास नीट बघ. ब्रेमेनच्या मनोऱ्यात त्यांनी कॅप्सूल 110 मीटर खाली सोडली. पावणेपाच सेकंद भारहीन अवस्था मिळायची आणि मग थर्माकोलच्या मण्यांत दणका. तो दणका खाऊनही पुन्हा चालेल असंच ते उपकरण घडवावं लागलं. मग 23 जानेवारी 2017 रोजी स्वीडनच्या उत्तरेकडून त्यांचं माइउस-1 रॉकेट असाच अणूंचा प्रयोग घेऊन 243 किलोमीटरवर गेलं, आणि सहाएक मिनिटांत 110 प्रयोग झाले. तिथे स्क्रू पिळायला कोण होतं?

तू म्हणशील, अंतराळ स्थानकावरच्या कोल्ड ॲटम लॅबला, म्हणजे थंड अणूंच्या प्रयोगपेटीला, अंतराळवीरांचे हात लागले. लागले, खरं आहे. त्यांनी अख्खं मॉड्यूल बदललं. रोजचं काम मात्र कॅलिफोर्नियातून चालतं. कुणी आरसा जरासा डावीकडे सारत नाही. आणि आपल्याकडचं आठव: आयआरएनएसएस-1ए या आपल्या दिशादर्शन उपग्रहातली बाहेरून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं एकामागोमाग एक बंद पडली. उपग्रह शाबूत, पण दिशादर्शनाला निरुपयोगी. 29 मे 2023 ला एनव्हीएस-01 हा नवा दिशादर्शन उपग्रह आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ घेऊन गेला, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो. बसवलंच नाही.

टेम्पोच्या त्या प्रकारानंतर मी एक नियम केला: कुलूपबंद खोलीत 72 तास चालल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही. प्रात्यक्षिकाची तारीख आली तेव्हा आमचं 50 तासांवर अडकलं होतं, लेझरची फ्रिक्वेन्सी जागेवर धरून ठेवणारा लॉक सुटायचा. मी नकार दिला. अनुदानाची मुदत संपली, अहवालात "अक्षम्य विलंब" असं लिहिलं गेलं. घरीसुद्धा सगळ्यांचं म्हणणं पडलं की तासभर दाखवून टाकायचं होतं. दाखवता आलं असतं. मी बाजूला ॲलन की घेऊन उभा राहिलो असतो आणि ढग दिसला असता. पण ते दाखवणं खोटं झालं असतं. आजही मी तेच करीन. चूक झाली ती नियम उशिरा केला ही. त्याचं खापर मी अजून स्वतःवरच फोडतो.

पेपरची चिंता करतोस ती समजते, फेलोशिपला तारीख असते. पेपर लिही. पण तोच टेबलावरचा प्रयोग घेऊन आधी एवढं कर. शुक्रवारी संध्याकाळी सगळं चालू ठेव. लॅबला कुलूप लाव आणि किल्ली वॉचमन काकांकडे दे. घरून लॉगिनही करू नकोस, मोह होईल तरी. सोमवारी सकाळी आत गेल्यावर पहिल्यांदा कशालाही हात न लावता अणूंच्या संख्येचा आलेख काढ, खोलीच्या तापमानाचा त्याच्या शेजारी ठेव, आणि दोन्ही मला पाठव. आलेख शनिवारी पहाटेच आडवा झाला असेल तरी पाठव. कुठल्या आरशानं दगा दिला ते आपण फोनवर शोधू.

तुझा,
सर